लिओनार्दोच्या भिंतीची वंशावळ

लिओनार्दो दा विंचीची ‘अंगियारीची लढाई’ म्हणून जे चित्र हमखास छापलं जातं, ते लिओनार्दोचं नाही. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं एक रेखाटन आहे आणि त्यावर शेवटचा हात फिरवलाय फ्लेमिश चित्रकार पीटर पॉल रुबेन्सने. रुबेन्सचा जन्म १५७७ चा. लिओनार्दोने ज्या भिंतीवर हे चित्र काढायला घेतलं होतं, ती फ्लोरेन्समधली मूळ भिंत त्याआधीच जॉर्जियो वसारी या चित्रकाराच्या आणि चित्रकारांच्या चरित्रकाराच्या नव्या चित्रांखाली गेली होती. रुबेन्सच्या हाती लागलं ते कुणा अनामिक इटालियन चित्रकाराने केलेलं रेखाटन. त्याने कडांना कागद जोडून ते वाढवलं आणि शाई-रंगाने घोड्यांच्या अंगात आणखी जोर भरला. थोडक्यात, आपण पाहतो ती नकलेची दुरुस्त आवृत्ती. गंमत म्हणजे उपलब्ध नकलांत सगळ्यात जिवंत तीच वाटते.

फ्लोरेन्सच्या फौजांनी २९ जून १४४० रोजी अंगियारी गावाजवळ मिलानच्या सैन्याला हरवलं. साठेक वर्षांनी, १५०३ मध्ये, प्रजासत्ताकाचा प्रमुख पियेरो सोदेरिनी याच्या कारकिर्दीत राजवाड्यातल्या महासभेच्या दालनासाठी या विजयाचं चित्र काढायचं काम लिओनार्दोला मिळालं. मे १५०४ च्या करारावर साक्षीदार होता निकोलो मॅकियाव्हेली. याच गृहस्थाने पुढे फ्लोरेन्सचा इतिहास लिहिताना नोंदवलं, की या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडवला गेल्यामुळे! इतिहासकार हा आकडा मानत नाहीत, पण टोमणा मात्र झकास आहे.

त्याच दालनासाठी मायकेलअँजेलोलाही कशिनाच्या लढाईचं चित्र सांगितलं होतं. ते भिंतीवर चढलंच नाही. त्याचं पूर्ण आकाराचं रेखाटन, म्हणजे कार्टून, तुकडे तुकडे होऊन गेलं. आज तेही आपल्याला मुख्यतः सांगाल्लो नावाच्या चित्रकाराने केलेल्या नकलेतूनच कळतं.

लिओनार्दोच्या भिंतीचं काय बिघडलं, हे समजायला थोडं रसायनशास्त्र हवं. इटलीतली रूढ पद्धत होती ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावण्याची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि रंगाचे कण त्या दगडी थरात कायमचे अडकतात. अट एकच. गिलावा ओला आहे तोवर काम उरकायचं. लिओनार्दोला हे मानवणारं नव्हतं. एक छटा लावायची, चार दिवस बघत बसायचं, मग पुसून दुसरी लावायची, असा त्याचा खाक्या. म्हणून त्याने तैलरंग निवडले. सामानाच्या हिशोबात जिप्सम, राळ, जवसाचं तेल, सफेदा, स्पंज अशा नोंदी सापडतात.

तेल सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. याला दिवस लागतात, अक्रोडाच्या तेलाला जवसापेक्षा जास्त. त्यात खालचं जिप्सम सच्छिद्र. ते राळेसारख्या थराने नीट बंद केलं नाही, तर तेल शोषून घेतं आणि रंग वर कोरडा, सैल राहतो. उलट थर फारच गुळगुळीत झाला, तर रंगाला धरायलाच काही उरत नाही. पाओलो जोव्हियो या समकालीन लेखकाने दोष गिलाव्यावरच ठेवला आहे: अक्रोडाच्या तेलातले रंग त्याने धरलेच नाहीत. दुसऱ्या एका जुन्या वृत्तांतात शेकोटी पेटवून भिंत सुकवल्याची हकिकत येते. खालचा भाग सुकला, वर धग पोचली नाही आणि रंग ओघळले. यात अशक्य काही नाही. उष्णतेने तेलाची प्रक्रिया वेग घेते हे खरं, पण ते घट्ट व्हायच्या आधी पातळ होतं.

१५०६ मध्ये लिओनार्दो मिलानला निघून गेला, काम अर्धवट टाकून.

उरल्या नकला. लुक्काच्या लोरेन्झो झाकियाने १५५८ मध्ये कोरलेल्या छापचित्रावर लिहिलंय, की हे लिओनार्दोने स्वहस्ते रंगवलेल्या फळीवरून घेतलं. ‘तावोला दोरिया’ नावाची लाकडी फळी जेनोव्हाच्या दोरिया घराण्याकडे सतराव्या शतकापासून होती. ती बेकायदा इटलीबाहेर गेली, टोकियोच्या एका संग्रहालयाने १९९२ मध्ये विकत घेतली आणि २०१२ मध्ये परत इटलीला आली. कधीकाळी ती खुद्द लिओनार्दोची असल्याचंही बोललं जाई. आता काही अभ्यासक ती फ्रान्चेस्को मोरांदिनी ऊर्फ पोप्पी याची मानतात. पोप्पी १५४४ चा, म्हणजे भिंत झाकली जाण्यापूर्वी ती पाहणं त्याला वयाने तरी शक्य होतं.

या नकला वाचायची रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना वापरली तशीच. प्रती शेजारी ठेवायच्या. स्वतंत्र शाखांमध्ये जे जुळतं, ते मुळातलं असण्याची शक्यता जास्त. दोन प्रतींत एकच विचित्र चूक दिसली, तर त्या एकाच पूर्वजाच्या. इथे चार घोडेस्वार, टापांखाली झगडणारे पायदळातले सैनिक आणि एकमेकांना दातांनी भिडणारे घोडे शाखाशाखांतून येतात. डावीकडचा स्वार पाठ फिरवून अंग पिळतो आणि निशाणाची काठी ओढतो. हाच स्वार वसारीच्या वर्णनातही आहे. पण खरी पडताळणी होते बुडापेस्टमध्ये. तिथल्या संग्रहालयात लिओनार्दोने या चित्रासाठी काढलेली योद्ध्यांच्या डोक्यांची रेखाटनं आहेत. ओरडणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या आणि वासलेलं तोंड त्यात पाहावं आणि मग नकलेतलं पाहावं. रचना जुळते, पण तोंडाभोवतीच्या स्नायूंची समज नक्कल करणाऱ्यांना पेलली नाही. तिथे चेहरा मुखवट्यावर जातो.

रंगाखालचं पाहायला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. ते किरण बरेचसे रंग ओलांडून जातात, पण कोळशाची रेघ त्यांना शोषते, त्यामुळे ती पांढऱ्या अस्तरावर काळी उठून दिसते. रेघा बदललेल्या, खोडलेल्या दिसल्या तर चित्रकार विचार करत होता. रांगोळीच्या छाप्यासारखे ठिपक्यांचे माग दिसले तर आकृती टोचलेल्या कागदावरून उतरवलेली. लाकडाच्या वर्तुळांवरून वय काढणं मात्र इटलीत बहुधा फसतं. तिथल्या फळ्या पॉपलरच्या. ते झाड भराभर वाढतं, फळीत वर्तुळं थोडीच मिळतात.

भिंतीमागे शोधण्याचाही प्रयत्न झाला. वसारीच्या चित्रातल्या एका हिरव्या निशाणावर ‘शोधशील तर सापडेल’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. मौरित्सियो सेराचिनी या अभियंत्याने त्यांना खूण मानलं. २०११ च्या अखेरीस वसारीच्या चित्रात बारीक भोकं पाडून आत नळीचा कॅमेरा घातला गेला. मँगनीज आणि लोह असलेला काळा कण मिळाला आणि बातम्या झळकल्या. पण असे काळे पदार्थ तेव्हा काही दुर्मीळ नव्हते. वाद पेटला, काम थांबलं. थांबलं ते बरंच झालं. हाती असलेलं वसारीचं चित्र एका तर्कापायी भोकसणं मला तरी पटत नाही.

अलीकडे जुन्या हिशोबवह्या आणि भिंतीचं बांधकाम तपासून काही इटालियन संशोधकांनी वेगळाच निष्कर्ष मांडला आहे. अस्तरच बिघडलं, चित्राला सुरुवातच झाली नाही. तसं असेल तर सगळ्या नकला कार्टूनवरून किंवा एखाद्या छोट्या नमुन्यावरून आल्या असणार आणि झाकियाची ‘फळी’ अचानक महत्त्वाची ठरते. पण १५४९ मध्ये आंतोन फ्रान्चेस्को दोनी हा लेखक आपल्या पत्रात मित्राला त्या दालनातले लिओनार्दोचे घोडे बघायला सांगतो. आणि १५१३ च्या हिशोबात, लिओनार्दोने दालनात रंगवलेल्या आकृतींना धक्का लागू नये म्हणून फळ्या ठोकल्याबद्दल एका सुताराला पैसे दिल्याची नोंद आहे. भिंत कोरी होती म्हणणाऱ्यांना आधी त्या सुताराचा हिशोब लावावा लागेल.