श्रेडर आणि प्रेस्टा: सायकलच्या चाकाचे दोन व्हॉल्व्ह आणि त्यांना चालणारा पंप

पंप नवा आहे, ट्यूब कुठे फाटलेली नाही, तरीही चाकात हवा म्हणून जात नाही, अशी तक्रार नव्याने सायकल चालवू लागलेल्यांकडून वारंवार ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा पंपाचाही नसतो आणि ट्यूबचाही नसतो. पंपाचे तोंड एका प्रकारच्या व्हॉल्व्हसाठी बनवलेले असते आणि चाकावर दुसऱ्याच प्रकारचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. सायकलींवर सर्वाधिक आढळणारे दोन व्हॉल्व्ह म्हणजे श्रेडर आणि प्रेस्टा. दोन्ही एकाच काळातले आहेत, दोघांचे काम एकच आहे, पण हवा अडवून धरण्याची त्यांची रीत वेगळी आहे आणि हवा भरण्याच्या पद्धतीतला सगळा फरक त्यातूनच आलेला आहे.

ओळखायला दोन्ही सोपे आहेत. श्रेडर सुमारे ८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे टोपण काढले की नळीच्या मधोमध एक बारीक पिन दिसते. मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या चाकांवर असतो तो हाच व्हॉल्व्ह. प्रेस्टा सुमारे ६ मिलिमीटरचा, सडपातळ आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. त्याच्या टोकातून बाहेर आलेल्या पिनेवर एक चिमुकला गोल नट असतो. ट्यूब विकत घेताना खोक्यावर श्रेडरसाठी ‘एव्ही’ आणि प्रेस्टासाठी ‘एफव्ही’ किंवा ‘एसव्ही’ अशी अक्षरे आढळतात, ती वाचण्याची सवय लावून घ्यावी.

श्रेडरच्या आत स्प्रिंग असते आणि ती पिनेला सतत वर ढकलून हवेची वाट बंद ठेवते. म्हणूनच पिन नखाने किंवा काडीने दाबली की हवा सुटते आणि सोडली की लगेच थांबते. प्रेस्टामध्ये अशी स्प्रिंग नसते. तिथे ट्यूबमधल्या हवेचा दाबच आतली झडप बंद ठेवतो आणि वरचा नट आवळला की ती पक्की होते. याचा अर्थ असा की श्रेडरमध्ये हवा भरण्यापूर्वी टोपण काढण्यापलीकडे काही करावे लागत नाही, तर प्रेस्टामध्ये तो नट सैल केल्याशिवाय कितीही पंप मारला तरी हवा आत जात नाही.

प्रेस्टामध्ये हवा भरण्याची क्रिया जरा बारकाईने पाहिली पाहिजे, कारण नवख्यांची बहुतेक फजिती इथेच होते. टोपण काढल्यावर वरचा नट बोटाने उलटा फिरवून पूर्ण वर आणावा. तो पिनेवरून निघून येत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मग पिन बोटाने क्षणभर दाबून ‘फुस्स’ असा आवाज येऊ द्यावा. काही दिवस उभ्या राहिलेल्या सायकलची झडप आतल्या रबराला चिकटून बसलेली असते आणि ती मोकळी न करता पंप लावला, तर पहिल्याच दाबाला दांडा दगडासारखा घट्ट लागतो आणि पंप बिघडला असे वाटते. त्यानंतर पंपाचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ रेषेत बसवून त्याचा खटका लावावा. तोंड तिरके बसवले किंवा काढताना वाकवले तर ती बारीक पिन वाकते आणि एकदा वाकलेली पिन सरळ करण्याच्या नादात बहुतेकदा तुटते. शेवटी नट पुन्हा बोटानेच आवळावा, पक्कड लावू नये.

पंप काढताना येणारा हवेचा आवाज ऐकून पुष्कळांचा जीव कासावीस होतो. प्रेस्टाच्या बाबतीत तो आवाज जवळजवळ सगळा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. चाकातली झडप आतल्या दाबाने केव्हाच बंद झालेली असते. श्रेडरचे मात्र तसे नाही. अनेक पंपांच्या तोंडात श्रेडरची पिन दाबून धरणारा खिळा असतो, त्यामुळे आट्यांवर फिरवून बसवायचे तोंड सावकाश काढले, तर तेवढा वेळ चाकातली खरीखुरी हवा निसटत राहते. तिथे तोंड झटपट काढणे हाच उपाय. आट्यांच्या तोंडाचा प्रेस्टालाही एक त्रास आहे: ज्या प्रेस्टाचा आतला भाग सुटा होतो, तो भाग कधीकधी पंपाच्या तोंडाबरोबर फिरून बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा एका झटक्यात निघून जाते. तो भाग आधीच नीट आवळून ठेवला तर ही वेळ येत नाही.

व्हॉल्व्ह आपल्या मर्जीने बदलता येईल का, हा यानंतरचा साहजिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर रिमला पाडलेले भोक देते. श्रेडरसाठीचे भोक साधारण साडेआठ मिलिमीटरचे आणि प्रेस्टासाठीचे साडेसहा मिलिमीटरचे असते. प्रेस्टाच्या भोकातून श्रेडर आत जाणारच नाही, आणि ते भोक ड्रिलने मोठे करणे अरुंद रिमच्या मजबुतीशी खेळण्यासारखे आहे. उलट बाजूने श्रेडरच्या भोकात प्रेस्टा सहज जातो, पण तो सैल राहतो आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब त्या फटीत दबून फाटू शकते. त्यासाठी भोकात बसवायची छोटी रबरी किंवा धातूची कडी मिळते, ती वापरावी. माझ्या मते, भोक ज्या मापाचे आहे त्याच प्रकारची ट्यूब घेत राहणे हा सर्वांत बिनघोर मार्ग आहे.

आता पंपाकडे वळू. पंप निवडताना दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात आणि खरा घोळ तिथे आहे. प्रेस्टा म्हणजे जास्त दाब, असे समजून प्रेस्टाच्या मालकाला हटकून ‘हाय प्रेशर’ पंप घ्यायला सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की व्हॉल्व्हवरून पंपाचे फक्त तोंड ठरते. पंपाच्या नळकांड्याची जाडी टायरच्या रुंदीवरून ठरवायची असते. आजच्या अनेक माउंटन बाइकवर प्रेस्टाच असतो आणि त्यांच्या रुंद टायरमध्ये २५ ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) एवढीच हवा पुरते, तर अरुंद टायरच्या रोड बाइकला तोच व्हॉल्व्ह असूनही ८० पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून अधिक दाब लागू शकतो.

नळकांड्याच्या जाडीने एवढा काय फरक पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलोचा दाब. पंपाच्या नळकांड्याचा आतला व्यास २० मिलिमीटर असेल, तर दांड्याला शेवटी सुमारे २२ किलोचा जोर द्यावा लागेल. तोच व्यास ३० मिलिमीटर असेल, तर जवळजवळ ५० किलोचा. म्हणून जाड नळकांडे रुंद टायर भराभर फुगवते पण जास्त दाबाला दमवते, आणि बारीक नळकांडे जास्त दाबापर्यंत सहज नेते पण रुंद टायर फुगवता फुगवता हात भरून येतात. टायरच्या कडेवर छापलेली दाबाची मर्यादा पाहून मगच पंप निवडावा, आणि मापकावर पीएसआय व बार हे दोन्ही आकडे असतात याचे भान ठेवावे. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

तोंडाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. बहुतेक उभ्या पंपांना दोन भोकांचे किंवा आपोआप जुळवून घेणारे तोंड असते; काही छोट्या पंपांत तोंड उघडून आतले रबर उलटे करून बसवावे लागते आणि ही गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगला पंप माळ्यावर पडून राहतो. पेट्रोल पंपावरचे यंत्र मोटारीसाठी, म्हणजे श्रेडरसाठी असते. प्रेस्टावर पितळेचा छोटा अडॅप्टर बसवला की तिथेही हवा भरता येते, पण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी आणि ते यंत्र सोडते भरपूर, तेव्हा थोडी थोडी हवा सोडत दर वेळी दाब पाहिला नाही, तर टायर रिमवरून उडण्याची भीती असते. अडॅप्टर लावायच्या आधीही प्रेस्टाचा नट सैल करावाच लागतो, आणि तो राहून गेला की यंत्र घरघरत राहते व चाक होते तसेच राहते.

साध्या रोजच्या सायकलींवर डनलॉप नावाचा तिसरा व्हॉल्व्हही दिसतो, ज्याचा आतला भाग एका मोठ्या नटाने धरलेला असतो. हवा भरताना त्या नटाला हात लावायचा नसतो. प्रेस्टाच्या सवयीने तो सैल केला, तर चाक तिथल्या तिथे बसते.