‘थकलेत हो हल्ली’

जिना चढून आलेला नातू थकतो, पण पंख्याखाली पाच मिनिटं बसला की त्याचा थकवा उतरतो. ‘नाना हल्ली फार थकलेत’ यातलं थकणं वेगळं. ते विश्रांतीने जात नाही. हा फरक मराठीला कधीचा ठाऊक आहे. वैद्यकशास्त्राने मात्र तो मोजायला बराच वेळ घेतला.

२००१ साली अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पाच लक्षणं ठरवली: वर्षभरात काही न करता चार-साडेचार किलो वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. यातली तीन दिसली तर ती जर्जरता. डॉक्टर तिला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. एक-दोन दिसली तर माणूस उंबरठ्यावर आहे. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, म्हणून तो ओळखायचा.

शरीरात काय होतं? तरुणपणी हृदय, मूत्रपिंडं, स्नायू या सगळ्यांकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता शिल्लक असते. ही शरीराची गंगाजळी. ती वयाबरोबर आटते, पण सगळ्यांची सारख्या वेगाने नाही. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारे पंच्याऐंशीचे आजोबा असतात आणि पासष्टीत जर्जर झालेला माणूसही असतो. गंगाजळी आटली की तरुणाला दोन दिवस झोपवणारा ताप म्हाताऱ्याला कायमचा अंथरुणाला खिळवू शकतो.

माझी मावशी गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. वय ८१. लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून तिला इस्पितळात ठेवलं. सलाइन, कॅथेटर, डायपर, खाटेला कठडे. ‘आजी, उठायचं नाही हं, पडाल!’ हे सगळे प्रेमानेच सांगायचे. रात्री ती ‘माझी बस सुटेल’ म्हणून सलाइनची नळी ओढायची. दिवसा गप्प पडून राहायची, तेव्हा वॉर्डात तिचं ‘शहाण्या पेशंट’ म्हणून कौतुक व्हायचं. नवव्या दिवशी रिपोर्ट नॉर्मल आले आणि घरी सोडलं. ज्या बाई आठवड्यापूर्वी खाली उतरून मेथीच्या जुडीचा भाव करत होत्या, त्यांना चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं.

उपचारात कुणी चुकलं नव्हतं. जे शिकवलं होतं, ते सगळ्यांनी नीट केलं. खोट शिकवण्यातच आहे, असं मला वाटतं. डॉक्टर आजार शोधायला शिकतो, तो सापडतो आणि बराही होतो. तोवर माणूस हातचा गेलेला असतो.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं. मावशी तर धडधाकटही नव्हती. आणि ते रात्रीचं बरळणं? जुन्या बायका त्याला ‘वात झाला’ म्हणतात, डॉक्टर ‘डिलिरियम’. दिवसाचं गप्प पडणंही त्याचंच रूप, आणि ते जास्त वेळा नजरेतून सुटतं. अमेरिकेत शॅरन इनॉय यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की पेशंटला चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी देणं, पाणी पाजणं, दिवसातून चालवणं, रात्री शांत झोपू देणं आणि ‘आज अमुक वार, तुम्ही इथे आहात’ हे सांगत राहणं एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर येतं. यात महागडं काहीच नाही. मावशीचा चष्मा नऊही दिवस माझ्याच पिशवीत होता, हरवू नये म्हणून.

मग शिकवायचं काय? पहिला धडा एका प्रश्नाचा: ‘दोन आठवड्यांपूर्वी या कशा होत्या?’ कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांच्या गटाने बनवलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी याच प्रश्नावर उभी आहे. आज खाटेवर पडलेलं दिसतंय ते आजारपण. त्याआधी माणूस कुठे होता, त्यावरून त्याला कुठवर परत न्यायचं ते ठरतं.

दुसरा धडा अंगावर घ्यायचा: म्हातारपण स्वतः अनुभवायचं. परदेशात विद्यार्थ्यांना जड, सांधे आखडवणारे पोशाख घालतात, पण घरगुती साहित्यातही तो जमतो. चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन, कानात कापूस, बुटात मक्याचे दाणे, बोटांना चिकटपट्टी. आता गोळ्यांच्या पाकिटातून एक गोळी काढून दाखवा.

तिसरा धडा औषधांचा. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन दिलं, त्याने घोट्यांना सूज आली. सुजेसाठी लघवीची गोळी दिली, म्हणून रात्री तीनदा उठणं आलं. तिसऱ्या वेळी अंधारात पाय घसरला आणि खुबा मोडला. ही साखळी ओळखून मधली कडी काढायला शिकावं लागतं. (हे वाचून स्वतःच गोळी बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.)

भारतात वृद्धांच्या वैद्यकाचा एमडी अभ्यासक्रम १९९६ मध्ये चेन्नईला सुरू झाला. पुढे ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची प्रादेशिक केंद्र म्हणून निवड झाली. पण प्रत्येक म्हाताऱ्याला असा तज्ज्ञ मिळणार नाही, हे उघड आहे. म्हणून हाडांच्या डॉक्टरपासून वॉर्डातल्या मावशींपर्यंत सगळ्यांनाच थोडं थोडं शिकावं लागेल. मुंबईत तर नर्सिंग ब्युरोतून बारा तासांच्या ड्युटीवर येणारी बाईच पेशंटजवळ सर्वांत जास्त वेळ असते. तिला डायपर बदलायला शिकवतात. हाताला धरून संडासापर्यंत कसं न्यायचं, हे तिला कुणी शिकवत नाही.

डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक यांनी मिळून पेशंटची सर्वांगीण तपासणी केली तर काय होतं, याचे २९ प्रयोग २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले. अशी तपासणी झालेली जास्त माणसं पुढे जिवंत आणि स्वतःच्या घरी राहत असलेली आढळली.

मावशीकडे नंतर एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायला लागली. तिने फाइल नंतर उघडली. आधी विचारलं, ‘संडास कुठे आहे?’ गॅलरीच्या टोकाला, सार्वजनिक. तिने पावलं मोजली, चौतीस. मग हात छातीशी घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगितलं. आशियाई निकषांनुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर हालचालीची क्षमता कमी समजतात. मावशीला पहिल्या दिवशी दोनदाच उठता आलं. पुढे पाच झाले, तेव्हा ४१ सेकंद लागले. तो आकडा त्या फिजिओथेरपिस्टने भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवला.

परवा गेलो तेव्हा शेवटच्या चौकटीत मावशीच्याच अक्षरात लिहिलं होतं: दूध अर्धा लिटर, १९.