डबीतला 'अंगाचा रंग' कुठे गेला?

आमच्या 12 मेणखडूंच्या डबीत 'अंगाचा रंग' नावाची कांडी नाही. ती राहून गेलेली नाही, आम्ही ठेवलेलीच नाही. फिकट गुलाबी-केशरी कांडी आहे, पण तिच्या वेष्टनावर 'पीच' असं छापलंय.

अमेरिकेत क्रेयोला खडू 1903 मध्ये विक्रीला आले, तेव्हा डबीत 8 रंग होते आणि किंमत 5 सेंट. पुढे त्यांत 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग आला. अर्थात गोऱ्यांच्या अंगाचा! 1962 मध्ये त्याचं 'पीच' झालं. 1999 मध्ये 'इंडियन रेड'चं नाव बदलून 'चेस्टनट' केलं, कारण तो अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या कातडीचा रंग असा समज होत होता. खरं तर ते नाव लोहयुक्त तांबड्या रंगद्रव्याचं, आपल्या गेरूच्या नात्यातलं. 2020 मध्ये त्याच कंपनीने त्वचेच्या 24 छटांची पेटी काढली. आपल्या घरांत गव्हाळ, निमगोरा, सावळा हे शब्द रोजचे. चित्रातली आजी मात्र अजून पीचच असते.

सावळी आजी आमच्या याच 12 खडूंच्या डबीतून निघते. आधी पिवळा, अगदी हलक्या हाताने. त्यावर नारिंगी. मग तपकिरी: गव्हाळ हवा तर एकदा, सावळा हवा तर तीनदा. सावलीसाठी काळा वापरू नका, चेहरा राखेसारखा दिसतो. तपकिरीवरच जांभळा हलका फिरवा.

बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्याच थरात. जोर दिला की कागदाचे बारीक खळगे मेणाने भरतात आणि वरचा रंग नुसता घसरतो. वहीच्या गुळगुळीत कागदावर तर दुसरा थरही नीट बसत नाही. 120 ते 150 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) खरखरीत ड्रॉइंग पेपर घ्या. गडद रंग आधी लावला तर पिवळ्या कांडीचं टोक मळतं. ते रद्दी कागदावर घासलं की साफ होतं. (तेलखडूचं तंत्र वेगळं: तो मऊ असतो, बोटाने मिसळतो आणि फिकट रंग गडदावरही चढतो.)

मेणखडूचं मेण कपड्याला लागलं तर आधी गरम पाण्यात घालू नका, वितळलेलं मेण आणखी पसरतं. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून खरवडा, मग दोन टिपकागदांमध्ये धरून कोमट इस्त्री फिरवा आणि नंतर साबणाने धुवा. मोडलेली कांडी टाकू नका. वेष्टन काढून आडवी धरली की तिने मोठी जागा झटपट भरते.