बेट्टा बरणीत पोचला कसा

फायटर फिश, म्हणजेच बेट्टा, काय, छोट्या बाऊलमध्येही मजेत राहतो, हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की नवीन मासे पाळणाऱ्याला ते खरंच वाटतं. वर आणखी कोणीतरी सांगतं की तो मुळात डबक्यातलाच मासा आहे, मोठ्या टँकमध्ये सोडलं तर बावरतो. ही समजूत आली कुठून ते शोधत गेलं की थेट थायलंडला पोचायला होतं आणि लक्षात येतं की बरणी ही माशाची गरज कधी नव्हतीच, ती माणसांनी आपापल्या कामासाठी केलेली सोय होती.

मूळ बेट्टा स्प्लेंडेन्स हा थायलंडच्या मध्य भागातला, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. भातखाचरं, दलदल, संथ पाण्याचे चर, सगळीकडे गवत आणि पाणवनस्पती. पाणी उथळ असतं हे बरोबरच आहे, काही ठिकाणी तर वीतभरच, पण खाचर वीतभर खोल असलं तरी लांबीरुंदीला केवढं असतं, आणि पावसाळ्यात एका खाचराचं पाणी दुसऱ्यात जातं ते वेगळंच. उथळ म्हणजे लहान असा अर्थ लोकांनी लावला आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला असं माझं ठाम मत आहे. नर त्यातला एक कोपरा धरून बसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी-पिल्लं सांभाळतो आणि दुसरा नर आला की हाकलतो. हरलेल्याला पळून जायला जागा असते म्हणून बहुतेक भांडणं लवकर मिटतात.

आता डबक्याची गोष्ट. कोरड्या दिवसात पाणी आटतं, मासे उरल्यासुरल्या पाण्यात अडकतात, आणि तरी बेट्टा तग धरतो कारण कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याने तो हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो. पाच मिनिटं टँकसमोर बसलात तरी दिसेल, मासा सरळ वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा एक घोट घेतो आणि लगेच वळून खाली जातो. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी यावर त्याचं भागतं. पण घाणीतून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियावर या अवयवाचा काडीचा उपयोग नाही, माशाची स्वतःची घाण साचली की तिचा त्रास त्याला इतर माशांसारखाच होतो. वाईट दिवस काढण्यासाठी मिळालेली क्षमता म्हणजे त्याचं आवडतं राहणीमान नव्हे, एवढं साधं आहे हे.

मग बरणी आली ती या माशांच्या झुंजी लावण्यामुळे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसं हा मासा किमान 1000 वर्षांपासून पाळतायत, म्हणजे पाळीव माशांमध्ये हा फार जुना गडी. थायलंडमध्ये झुंजीसाठी निवडून निवडून पैदास होत गेली, नर जास्त जास्त भांडखोर झाले, आणि असे नर एकत्र ठेवणं शक्यच नव्हतं म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं आणि दोघांच्या मध्ये आडोसा. हे ठेवणं झुंजीच्या हिशोबाने होतं, माशाला त्यात जन्मभर सुखात ठेवावं असा विचार त्यात कुठेच नव्हता. 1840 च्या सुमारास सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाकडून आलेले काही मासे थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरच्या हाती लागले, 1849 मध्ये त्याने त्यांचं वर्णन मॅक्रोपोडस पग्नॅक्स या नावाने छापलं, पुढे 1910 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी दाखवलं की पग्नॅक्स ही दुसरीच जात आहे आणि याला बेट्टा स्प्लेंडेन्स हे आजचं नाव मिळालं.

युरोपात हा मासा 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात पोचला तेव्हा टँकचा छंदच जेमतेम रांगत होता. 1850 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे आणि वनस्पती एकत्र ठेवले तर पाण्याचा तोल राहतो असं मांडलं होतं, 1853 मध्ये लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. मला वाटतं पुढच्या गैरसमजाची किल्ली इथे आहे. त्या काळात घरोघरी विजेचे पंप नव्हते, सगळी चिंता ऑक्सिजनची, त्यामुळे किती पाण्यात किती मासे हे पाण्याचा वरचा पृष्ठभाग किती त्यावरून ठरायचं. आणि इथे हा मासा आला जो हवेतूनच श्वास घेतो! त्या हिशोबात त्याला जागाच लागत नव्हती. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने 1890 च्या आसपास वेगळे करून दाखवले होते, पण ती गोष्ट घरगुती टँकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात यायला विसावं शतक बरंच उलटावं लागलं. तोवर "बेट्टाला काहीही चालतं" हे पक्कं होऊन बसलं होतं.

दुसरा धक्का दिला सुंदर शेपट्यांनी. विसाव्या शतकात अमेरिकेत लांब परांच्या बेट्टांचं वेड वाढलं, 1966 मध्ये इंटरनॅशनल बेट्टा काँग्रेस ही शौकिनांची संघटना स्थापन झाली, 1980 च्या दशकात 180 अंशात उघडणारी हाफमून शेपटी आली, 1990 च्या दशकात इंडोनेशियातून मुकुटासारख्या टोकदार शेपटीचा क्राउनटेल. ब्रीडरकडे एका विणीतली शेकडो पिल्लं असतात, नर दोन-तीन महिन्यांचे झाले की एकमेकांचे पर फाडायला लागतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बरणी. थायलंडच्या फार्मवर तर व्हिस्कीच्या चपट्या बाटल्या रांगेने लावून ठेवायची पद्धत पडली, चपट्या असल्याने कमी जागेत जास्त मावतात. पण ब्रीडर त्यातलं पाणी सतत बदलत असतो, ते त्याचं रोजचं काम. पुढे काय झालं तर मासा छोट्या पिशवीतून दुकानात गेला, दुकानात कपात बसला, बघणाऱ्याला वाटलं हेच याचं घर, आणि पाणी बदलायची मेहनत मागेच राहिली.

कळस झाला तो 1990 च्या दशकाच्या शेवटी, फुलदाणीत बेट्टा आणि वर पीस लिली लावायची फॅशन आली तेव्हा. मासा म्हणे मुळं खातो आणि झाड घाण शोषतं, म्हणजे काही करायलाच नको. बेट्टा कीटक आणि त्यांच्या अळ्या खाणारा मांसाहारी मासा, तो मुळं खाऊन जगेल कसा? शिवाय झाडाने फुलदाणीचं तोंडच झाकून टाकलं तर हवा घ्यायला वर यायचा रस्ताही बंद. मला ही फॅशन आठवली तरी आजही संताप येतो.

यानंतर छंद करणाऱ्यांनीच हळूहळू चित्र बदललं. आधी अर्धा गॅलन, मग एक, मग अडीच असं करत आता 5 गॅलन म्हणजे साधारण 19-20 लिटर हे एका बेट्टासाठी कमीत कमी धरलं जातं. हा आकडा काही निसर्गाने दिलेला नाही, पण त्यामागे कारणं आहेत. पाणी कमी असलं की अमोनिया भराभर चढतो, खोलीबरोबर तापमान वरखाली होतं, या माशाला लागतं 24 ते 28 अंश, आणि बाऊलमध्ये हीटर-फिल्टर बसवायचा कुठे? 20 लिटरमध्ये छोटा हीटर आणि हलका स्पंज फिल्टर आरामात बसतो, टँक सायकल करता येतो, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यात वाढवता येतात, चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

लिटरच्या वादात आकाराचं मात्र राहून जातं. उंच, अरुंद टँकपेक्षा बुटका आणि लांब टँक केव्हाही बरा, विशेषतः हाफमूनसाठी, कारण एवढ्या जड परांनी दर थोड्या वेळाने तळापासून वर हवेसाठी यायचं म्हणजे दमछाक होते. पृष्ठभागाजवळ टेकायला रुंद पानांची झाडं हवीत, फिल्टरचा प्रवाह मंद हवा. झाकण पाहिजेच कारण हा उडी मारतो, पण झाकण आणि पाणी यांच्यात दोन बोटं तरी जागा सोडा म्हणजे वरची हवा दमट आणि उबदार राहते. आखूड परांचा प्लाकाट जास्त चपळ असतो, त्याला 30-40 लिटर दिलं तर तो सगळा टँक फिरून वापरतो, मोठ्या जागेत बावरतो म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावंच, फक्त झाडं भरपूर लावलेली हवीत.