भेकाचं विष नेमकं काय बंद पाडतं?

२०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला लोकांना जाहीर विनंती करावी लागली: कृपया भेकांना चाटू नका. सोनोरन वाळवंटातल्या एका भेकाच्या स्रावात भास निर्माण करणारं रसायन असतं आणि त्याची महती ‘आत्मशोधा’च्या नावाखाली पसरत चालली आहे. भेकाला हात लावला की चामखीळ येते, ही जुनी समजूत खोटी आहे. चामखीळ होते ती माणसामाणसांत पसरणाऱ्या विषाणूमुळे. ही नवी भक्ती मात्र त्या जुन्या भीतीपेक्षा जास्त धोक्याची, कारण भेकांच्या स्रावात हृदय बंद पाडणारी द्रव्यंही असतात.

भेक म्हणजे जाड, खरबरीत कातडीचा, जमिनीवर राहणारा बेडूक. त्याला लांब उड्या जमत नाहीत, तोंडात दात नाहीत, पायांना धारदार नख्या नाहीत. आहेत ते डोळ्यांमागचे दोन फुगीर उंचवटे, म्हणजे पॅरोटॉइड ग्रंथी. त्यांच्यात विषाच्या पिशव्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक पिशवीची नळी कातडीपर्यंत येते, पण तिच्या तोंडाशी पेशींचं बूच असतं. बहुतेक भेकांना या पिशव्या स्वतः पिळताच येत नाहीत. (अॅमेझॉनच्या जंगलातली एक जात स्वतःहून पिचकारी मारते, पण ती अपवाद.) त्यामुळे धोका दिसला की भेक फुप्फुसात हवा भरून टम्म फुगतो, मान खाली घालतो आणि ग्रंथी शत्रूपुढे धरतो. चावा बसला की दाबाने बुचं उडतात आणि पांढरट, चिकट, कडू विष थेट तोंडात जातं. खटका ओढतो तो शिकारीच!

या विषात बरंच काही असतं. १९११ साली त्यात चक्क अॅड्रिनॅलिन, म्हणजे संकटाच्या वेळी आपल्याच शरीरात स्रवणारं संप्रेरक, सापडलं होतं. पण मुख्य घटक म्हणजे बुफाडायनोलाइड ही स्टेरॉइडवर्गीय संयुगं. त्यांचं लक्ष्य कळलं की या प्राण्याबद्दल आदर वाटू लागतो.

प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचं प्रथिन असतं. एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) एक रेणू खर्चून ते सोडियमचे ३ आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बाहेर टाकतं आणि पोटॅशियमचे २ आत घेतं. गळक्या होडीतलं पाणी सतत उपसत राहावं तसं हे काम अखंड चालतं. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली हा पंप शोधला आणि १९९७ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पंप आळीपाळीने आत आणि बाहेर उघडतो. तो बाहेर उघडला असताना बुफाडायनोलाइड त्याच्या खाचेत पाचरीसारखं घुसतं आणि पंप तिथेच अडकतो.

हृदयात पुढची साखळी अशी. तिथे आणखी एक प्रथिन आहे, जे सोडियमचे ३ आयन आत घेऊन कॅल्शियमचा १ बाहेर काढतं. बाहेर सोडियम जास्त आणि आत कमी, या फरकाच्या जोरावरच ते चालतं. पंप अडकला की आतलं सोडियम वाढतं, फरक घटतो आणि कॅल्शियम आत साठू लागतं. स्नायूला आकुंचनाचा हुकूम देतं ते कॅल्शियमच. म्हणून ठोके आधी जोरकस होतात, मग वेडेवाकडे, आणि शेवटी थांबतात. इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ज्या डिजिटॅलिस वनस्पतीचे हृदयविकारावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तिची द्रव्यंही याच खाचेत बसतात. एक झाड आणि एक भेक, दोघांनी एकमेकांशी काही संबंध नसताना शरीरातली तीच जागा हेरली.

मग भेक स्वतः कसा जगतो? त्याच्या पंपाच्या त्या खाचेतली काही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं ते घटक, बदललेली असतात. उंदरांमध्येही हीच युक्ती आहे. (आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं.) उंदरांच्या पंपात १११ आणि १२२ या स्थानांवर आर्जिनिन आणि अॅस्पार्टिक आम्ल हे विद्युतभारित घटक येतात आणि विषाच्या रेणूला पकडच मिळत नाही.

आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडी पिढ्यान्‌पिढ्या भेकांच्या शेजारी राहिल्या, त्यांच्या पंपातही असे बदल आहेत. ऑस्ट्रेलियात मुळात भेक नव्हतेच. उसावरचे भुंगेरे खातील या आशेने १९३५ साली हवाईहून केन टोड जातीचे भेक क्वीन्सलंडमध्ये आणले गेले. भुंगेरे काही आटोक्यात आले नाहीत. मेल्या त्या तिथल्या घोरपडी आणि क्वोल नावाचे छोटे शिकारी प्राणी. कावळ्यांनी मात्र वाट काढली: भेक उलटा करायचा आणि पोटाकडून खायचा. राकाली हा पाणउंदीर तर पोट फाडून नेमकं हृदय आणि यकृत काढून खातो.

सगळ्यात पुढे गेला तो जपानचा ऱ्हॅब्डोफिस टायग्रिनस हा साप. तो भेक गिळतो आणि त्यांचं विष आपल्या मानेवरच्या ग्रंथींत साठवतो. शत्रू समोर आला की मान वाकवून त्या ग्रंथी पुढे करतो, म्हणजे भेकाचाच पवित्रा! मादी हे विष पिल्लांनाही देते. ज्या बेटावर भेक नाहीत तिथल्या सापांच्या ग्रंथींत मात्र हे विष सापडत नाही, आणि ते साप मान पुढे करण्यापेक्षा पळून जाणं जास्त पसंत करतात.