प्लाझ्मा प्रणोदनात पीएच.डी. : नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रे

प्लाझ्मा प्रणोदन म्हणजे अंतराळयान प्लाझ्मा इंजिनाने पुढे ढकलणे. या इंजिनात झेनॉनसारख्या वायूचे आयनीभवन करून (त्याचे कण विद्युतभारित करून) ते आयन विद्युत क्षेत्राच्या साहाय्याने बाहेर फेकले जातात. रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण ३ ते ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो, तर हॉल प्रकारच्या प्लाझ्मा इंजिनात हा वेग १५ ते २० किलोमीटरपर्यंत जातो. त्यामुळे इंधन पुष्कळ वाचते, पण जोर फार थोडा मिळतो. इस्रोने मार्च २०२५ मध्ये ज्या ३०० मिलिन्यूटन इंजिनाची १,००० तासांची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले, त्याचा जोर जेमतेम ३० ग्रॅम वजनाइतका आहे. एवढा सूक्ष्म जोर निर्वात कक्षात अचूक मोजणे आणि तिथल्या प्लाझ्माची घनता व तापमान लँगम्यूर प्रोबच्या बारीक टंगस्टन तारेने टिपणे, हे या विषयातील प्रायोगिक संशोधकाचे रोजचे काम असते. नाशिकच्या महाविद्यालयांतून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना या कामाची खरी ओढ आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

या विषयाकडे जाणाऱ्या संस्थांमध्ये दोन प्रमुख आहेत. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्था अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते आणि तेथील पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था अंतराळ विभागाची आहे. दोन्हींच्या प्रवेशाच्या जाहिराती स्वतंत्र निघतात आणि इस्रोच्या नोकरभरतीशी त्यांचा संबंध नसतो. गुणांची व वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचावी. ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, एवढ्या आधारावर विसंबू नये.

पात्रतेचा कणा म्हणजे राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सीएसआयआर नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), जेस्ट (संशोधन संस्थांची सामाईक प्रवेश चाचणी) आणि गेट (अभियांत्रिकी व विज्ञान पदवीधरांची अभियोग्यता चाचणी) यांपैकी किमान दोन परीक्षा द्याव्यात, असे माझे मत आहे, कारण एकाच पेपरवर सगळे वर्ष लावणे धोक्याचे ठरते. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी सर्वसाधारण प्रवर्गाला ५५ टक्के गुण आणि कमाल ३० वर्षे वय अशी अट असून राखीव प्रवर्गांना व महिलांना वयात सवलत आहे. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा असतानाही अर्ज करता येतो. गेटला वयोमर्यादा नाही आणि तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो मार्ग अधिक सोयीचा वाटतो. अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता नियमानुसार वेगळा मिळतो.

अर्ज अडतो तो बहुधा कागदपत्रांपाशी, आणि त्यातही जातीच्या दाखल्यापाशी. इतर मागासवर्गीय उमेदवारांकडे राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र असते, पण केंद्रीय संस्थेला केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि जातही केंद्राच्या यादीत असावी लागते. सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्राच्या नमुन्यात हवे’ असे स्पष्ट सांगावे आणि हातात आलेल्या कागदावर भारत सरकारच्या पदांचा व संस्थांचा उल्लेख आहे का, हे तिथेच वाचून पाहावे. हे प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षातील असावे अशी अट अनेक जाहिरातींत असते, म्हणून एप्रिल उजाडताच अर्ज टाकणे शहाणपणाचे. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही हाच नमुन्याचा नियम लागू आहे. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण मात्र केंद्रीय संस्थांत चालत नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर श्रेणी-गुणांक असेल आणि अर्जात टक्केवारी मागितली असेल, तर रूपांतराचे सूत्र किंवा प्रमाणपत्र सोबत जोडावे. अंदाजे आकडा भरू नये, कारण पडताळणीत तोच तपासला जातो. स्वायत्त महाविद्यालयात गुणपत्रिका महाविद्यालय देते आणि पदवी विद्यापीठाची असते, त्यामुळे दोन्हीकडचे कागद वेळेवर मिळतील असे पाहावे. प्रवेश निश्चित झाल्यावर विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते. दहावीचे प्रमाणपत्र, आधार, परीक्षेचे गुणपत्रक आणि दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे यांची तयारी आधीच ठेवावी. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिलेले असावे, कारण मुलाखतीत निर्वात पंप, मापनातील त्रुटी आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय जोडले, काय मोजले, याविषयी बारकाईने विचारले जाऊ शकते.

ओझर येथील विमान कारखान्यात किंवा एखाद्या महाविद्यालयात नोकरीत असलेल्या उमेदवारांनी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र अर्जासोबतच मागून घ्यावे. मुलाखतीचे पत्र आल्यानंतर ते मिळायला वेळ पुरत नाही.