गेटला कोण बसू शकतो? पात्रतेच्या नियमांमागची गोष्ट

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या गेट परीक्षेला आज बीएच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी मुलगीही बसू शकते. वयाची अट नाही, किती वेळा द्यायची यावर बंधन नाही, आणि पदवीला किती टक्के पडले हेही परीक्षा घेणारे विचारत नाहीत. पण २०१३ ते २०२० या काळात हीच परीक्षा खुद्द बीई-बीटेकच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांचा अर्ज घेत नव्हती. गंमत म्हणजे त्याच्या आदल्या वर्षापर्यंत, २०१२ च्या गेटपर्यंत, तिसऱ्या वर्षातली मुलं खुशाल बसत होती. नियम असे मागे-पुढे का झाले, हे कळायचं तर ही परीक्षा मुळात कशासाठी सुरू झाली, तिथून सुरुवात करायला हवी.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४५ मध्ये, नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून आयआयटी उभ्या राहिल्या. १९५१ ला खरगपूर, मग पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई, मद्रास, कानपूर आणि पाठोपाठ दिल्ली. बंगळूरची आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, तर १९०९ पासूनच होती. सुरुवातीचा सगळा भर पदवीधर इंजिनिअर घडवण्यावर होता. पदव्युत्तर शिक्षणाचा वेगळा विचार करायला १९५९ मध्ये एम. एस. ठक्कर यांची समिती आली. संशोधन करायचं, महाविद्यालयांत शिकवायचं, तर एमटेक झालेली माणसं लागणार आणि त्यांना शिकताना विद्यावेतन द्यावं लागणार, हे तोवर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

विद्यावेतन केंद्र सरकारचं, पण मुलं निवडायची प्रत्येक संस्थेने आपापल्या पद्धतीने, अशी स्थिती होती. एका विद्यापीठातले ६५ टक्के आणि दुसऱ्या विद्यापीठातले ६५ टक्के सारखे नसतात, हे प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त ते मोजायचं साधन नव्हतं. १९८० च्या सुमारास वाय. नायुदम्मा यांच्या समितीने पदव्युत्तर तंत्रशिक्षणाचा आढावा घेतला. (नायुदम्मा हे चर्मोद्योगाचे शास्त्रज्ञ.) त्यानंतर लवकरच गेट सुरू झाली. आयआयएससी आणि आयआयटींनी मिळून ती घ्यायची, आणि विद्यावेतनासह एमटेक करायचं तर तिच्यात पात्र ठरायचं, असं ते सूत्र. म्हणजे ही परीक्षा जन्मली ती एमटेकच्या दारात उभ्या असलेल्या उमेदवारांसाठी. त्यामुळे तिला बसण्याची अट आणि एमटेकला प्रवेश मिळण्याची अट या दोन्ही जवळजवळ एकच होत्या. पुढची सगळी कहाणी या दोन अटी एकमेकींपासून कशा सुटत गेल्या याची आहे.

गेटला कोणकोणत्या पदव्या चालतात याचा एक तक्ता माहितीपुस्तिकेत असतो. पात्रतेच्या या तक्त्यातली एक ओळ नीट वाचण्यासारखी आहे. बीई किंवा बीटेक, ‘बारावीनंतर चार वर्षांची, किंवा बीएस्सी अथवा डिप्लोमानंतर तीन वर्षांची’. आजच्या विद्यार्थ्याला यातला बीएस्सीनंतरचा बीटेक हा प्रकार विचित्र वाटेल. पण एके काळी तो चांगला प्रतिष्ठेचा मार्ग होता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विज्ञानाचे पदवीधर येऊन तीन वर्षांत इंजिनिअर होत. अब्दुल कलाम भौतिकशास्त्रात बीएस्सी करून तिथेच विमान अभियांत्रिकी शिकले. आयआयएससीतही बीएस्सीनंतरची तीन वर्षांची बीई होती. डिप्लोमावाल्यांचंही तसंच. नुसत्या तीन वर्षांच्या डिप्लोमावर गेट देता येत नाही, पण डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवीला पोहोचलेल्याला कुणी अडवत नाही. या तक्त्यातून जुनं सहसा काढलं जात नाही. नवी पदवी आली की एक ओळ वाढते, एवढंच. आयआयएससीने २०११ मध्ये बीएस ही चार वर्षांची विज्ञान पदवी सुरू केली, तर कालांतराने तीही तक्त्यात आली.

सगळ्यात जास्त माया मला वाटते ती एएमआयईच्या, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या सहसदस्यत्वाच्या परीक्षेच्या, ओळीबद्दल. कोलकात्याची ही संस्था १९२० ची. कारखान्यात, पाटबंधारे खात्यात, रेल्वेत नोकरी करणारी माणसं रात्री अभ्यास करून तिच्या परीक्षेचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन विभाग पार करत आणि महाविद्यालयाची पायरी न चढता पदवीच्या बरोबरीला येत. गेटच्या नियमांत ‘अ’ विभाग पूर्ण केलेल्यालाही परीक्षेला बसण्याची मुभा होती. डिप्लोमा करून ओव्हरसिअर म्हणून लागलेल्या माणसाला आयआयटीत एमटेक करण्याचा हाच रस्ता होता, आणि तो चालून गेलेली माणसं आहेत. मग केंद्राने ठरवलं की ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ही समकक्षता मिळेल. ओळ तक्त्यात अजूनही दिसते, पण तिच्या वाट्याला नवे उमेदवार येत नाहीत. मुक्त प्रवेशाच्या गप्पा होत असताना नोकरदारांचा हा एक रस्ता बंद झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही.

औषधनिर्माणशास्त्राचं प्रकरण थोडक्यात. २००९ पर्यंत गेटमध्ये फार्मसीचा पेपर होता. २०१० मध्ये तो गेला आणि त्या मुलांसाठी जीपॅट ही वेगळी परीक्षा आली. माहिती तंत्रज्ञानाचा स्वतंत्र पेपर त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्येच, बंद झाला होता आणि ती मुलं संगणकशास्त्राच्या पेपरकडे वळली होती.

याच सुमारास परीक्षेचं रूप पालटवणारी गोष्ट घडली, आणि ती शिक्षणखात्याबाहेरून आली. सरकारी कंपन्यांनी नोकरभरतीसाठी गेटचे गुण धरायला सुरुवात केली. इंडियन ऑइल, एनटीपीसी, पॉवर ग्रिड अशी नावं जाहिरातींत दिसू लागली आणि एमटेकशी काडीचा संबंध नसलेली मुलं गेटचे क्लास लावू लागली. २०१३ पर्यंत अर्जांचा आकडा दहा लाखांच्या घरात गेला. त्याच वर्षी, आयआयटी मुंबईकडे परीक्षेचं संयोजन असताना, तिसऱ्या वर्षातल्यांना बसता येणार नाही असा नियम आला. पदवी पूर्ण झालेली असावी किंवा त्याच वर्षी पूर्ण होणार असावी, अशी सालासकट अट तक्त्यात छापली गेली. माझ्या मते यात वाढत्या गर्दीचा हात असणारच. शिवाय गुणपत्रक तेव्हा दोनच वर्षं चालत असे, त्यामुळे तिसऱ्या वर्षात दिलेल्या परीक्षेचा बराचसा काळ पदवी हातात पडेपर्यंतच संपून जाई.

मग गुणपत्रकाची मुदत तीन वर्षांची झाली, परीक्षा पूर्णपणे संगणकावर गेली, आणि २०२१ मध्ये पुन्हा आयआयटी मुंबईकडेच संयोजन आलं तेव्हा नियम उलटा फिरला. पदवीच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वर्षात असलेला कोणीही पात्र. त्याच वर्षी मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचा पेपर आला. अर्थशास्त्र, इंग्रजी, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र असे त्याचे भाग. आयआयटीतल्या मानव्यविद्या विभागांना पीएचडीसाठी उमेदवार हवे असतात, तेव्हा हे अगदीच आकाशातून पडलेलं नव्हतं. पर्यावरण विज्ञानाचा पेपरही तेव्हाच आला आणि एकूण पेपर २७ झाले. पुढच्या वर्षी जिओमॅटिक्स (भूमापनाचं शास्त्र) आणि नौकाबांधणी आले, २०२४ मध्ये डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता, आणि संख्या ३० वर गेली. विज्ञान, वाणिज्य, कला अशा सगळ्या शाखा पात्रतेत आल्या. एमबीबीएस आणि बीडीएसही तक्त्यात दिसू लागल्या.

‘तिसरं वर्ष’ हा शब्दप्रयोग दिसतो तितका साधा नाही. बीटेकच्या मुलासाठी ते शेवटून दुसरं वर्ष, बीएस्सीच्या मुलीसाठी शेवटचं. एकाच नियमाने दोघं आत येतात, पण पुढे दोघांची गत वेगळी होते. बीटेकच्या मुलाने २०२५ च्या फेब्रुवारीत परीक्षा दिली तर मार्चमध्ये लागलेला निकाल तीन वर्षं चालतो. त्याची पदवी २०२६ ला होते, म्हणजे २०२६ आणि २०२७ असे दोन प्रवेश हंगाम त्याला नक्की मिळतात. बीएस्सीची मुलगी संगणकशास्त्रात किंवा डेटा सायन्समध्ये त्याच्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकते. मात्र बहुतेक एमटेक अभ्यासक्रमांना चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा एमएस्सी-एमसीए लागते, आणि तिथे तिच्या गुणांचा उपयोग होत नाही. परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण क्लासच्या जाहिरातीत नसतं.

खरी चाळणी आता संस्थांच्या प्रवेशनियमांत बसली आहे. आयआयटींत साधारणपणे पदवीला ६० टक्के किंवा तितका सीपीआय (दहापैकी मोजली जाणारी एकूण सरासरी श्रेणी) लागतो, अनुसूचित जाती-जमातींना ५५. शिवाय कोणत्या पेपरवर कोणत्या विभागात अर्ज करता येईल हे प्रत्येक विभाग ठरवतो. उलट खुद्द आयआयटीत बीटेक झालेल्या आणि सीपीआय ८ च्या वर असलेल्याला अनेक ठिकाणी एमटेकसाठी गेट लागतच नाही. सरकारी कंपन्यांच्या टक्क्यांच्या आणि वयाच्या अटी आणखी वेगळ्या.

महाराष्ट्रात एमई-एमटेकचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. तिथे पदवीला ५० टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५. गुणवत्ता यादीत गेटवाले आधी, मग नॉन-गेट. गेट न देताही जागा मिळू शकते, हे इथल्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. फरक पडतो पैशांत. एआयसीटीईचं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं, महिना १२,४०० रुपयांचं विद्यावेतन प्रवेशाच्या वेळी चालू मुदतीचं गेट गुणपत्रक असणाऱ्यांनाच मिळतं.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली चार वर्षांची बीएस्सी केलेली मुलं आता बाहेर पडू लागली आहेत. गेटला बसायला त्यांना काहीच अडचण नाही. त्यांची चार वर्षं एमटेकच्या प्रवेशाला धरायची का, आणि कोणत्या शाखेला, याचं उत्तर मात्र संस्थागणिक आणि विभागागणिक त्यांच्या प्रवेशपुस्तिकेतच शोधावं लागतं.